पांढऱ्यावर फिकट राखाडी

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
नवी वही. नवं पेन. शाई फिकट राखाडी, खास मागवलेली. दुकानदार म्हणाला, ही शाई कोणी नेत नाही. मी म्हटलं, म्हणूनच मी नेतोय.

संकल्प : रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. आणि धंद्यातली माझी तत्त्वं इथेही पाळायची. रंगाने ओरडायचं नाही, अक्षरांनी एकमेकांना खेटून बसायचं, दोन ओळींत मुंगीलासुद्धा वाट ठेवायची नाही.

जादा फायदा म्हणजे घरात ही वही कोणाला वाचता येणार नाही. मुख्य म्हणजे सासूबाईंना. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं त्यांनी. दिसेल ते वाचतात आणि वाचलं त्यावर शेरा मारतात. परवा औषधाच्या खोक्यावरचा मजकूर वाचून कंपनीला दोन चुका कळवल्या.

मोठी बातमी : आमच्या पाट्यांच्या कारखान्यात कलाविभागाला प्रमुख नेमायचा आहे. इतकी वर्षं मालकच बघायचे, आता त्यांच्याने होत नाही. उमेदवार दोन. मी, बावीस वर्षं नोकरी. आणि नवी, जिला येऊन जेमतेम चौदा महिने झालेत. नव्या बस डेपोच्या सगळ्या पाट्या मालकांनी माझ्या हवाली केल्यात. बारा फलाट, एक भलंमोठं वेळापत्रक, चौकशी, प्रसाधनगृह. म्हणाले, हे काम नीट उतरलं तर खुर्ची तुझी.

म्हणजे खुर्ची माझीच. बायकोला तसं सांगूनही टाकलं.

५ मार्च, बुधवार
जुन्या डेपोतल्या पाट्या बघून आलो. पिवळ्यावर काळं, निळ्यावर पांढरं, लालवर आणखी काहीतरी. नुसता गोंगाट. प्रवासी काय बहिरे आहेत?

माझी कल्पना : मोतिया पांढऱ्यावर फिकट राखाडी. अक्षरं एकमेकांना चिकटून, शब्दांमधली फट जवळजवळ शून्य. शिरोरेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. स्क्रीनवर चारशे टक्के झूम करून बघितलं. डोळे भरून आले. थोडे चुरचुरलेसुद्धा. मग स्क्रीनचा प्रकाश वाढवला, तर आणखीच सुंदर.

नवीला दाखवलं नाही. उगाच कॉपी करेल.

८ मार्च, शनिवार
छापलेला नमुना घरी आणला. मी काही मत वगैरे विचारत नव्हतो, नुसता दाखवत होतो. सासूबाईंनी कागद उलटून मागची बाजू बघितली. मग पुन्हा पुढची. म्हणाल्या, जावईबापू, कारखान्यात शाई संपली का? बायकोने कागद खिडकीपाशी उजेडात धरला आणि म्हणाली की आहे बाई, काहीतरी आहे त्यात.

सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तेव्हापासून टेबलाच्या पलीकडे बसून माझ्या हातातल्या पेपरातल्या छोट्या जाहिराती मोठ्याने वाचतात. तरी वय ते वय. त्या डोळ्यांचं काय मनावर घ्यायचं!

नंतर बायको म्हणाली की तुम्ही मोबाइल हात लांब करून बघता, एकदा डोळे तपासून घ्या. हिला कोण समजावणार? मी लांबून बघतो कारण डिझाइनर माणूस एकूण मांडणी बघतो. मला सत्तेचाळिसावं चालू आहे आणि आमच्या घराण्यात कोणालाच चष्मा नाही. वडील शेवटी शेवटी दाराऐवजी कपाटात शिरायचे, पण चष्मा नव्हता.

११ मार्च, मंगळवार
आज नवीने अक्कल पाजळली. नमुना तिच्या हाती लागलाच. तिने तो अंगणातल्या भिंतीला चिकटवला, तिथून वीस पावलं मोजत चालली आणि वळून उभी राहिली. मग मला म्हणाली, सर, इथे येऊन एकदा बघता का? वीस पावलं म्हणजे बस पकडायला धावणारा माणूस साधारण जिथून पाटी बघतो ते अंतर, म्हणे. मागचा रंग आणि अक्षराचा रंग यांच्यात फरकच कमी आहे, त्यात अक्षरं इतकी जवळ, की सगळं मिळून एक पुसट पट्टा दिसतोय, म्हणे.

मी गेलो. डोळे किलकिले केले. ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. डोळे किलकिले करायचे म्हणजे बारकावे जातात आणि तोल कळतो. तोल उत्तम होता. तिला तसं सांगितलं. तिने विचारलं, पण सर, काय लिहिलंय ते दिसतंय का?

मी म्हटलं, मीच लिहिलंय, मला माहीत आहे ना.

गप्प झाली बिचारी.

१४ मार्च, शुक्रवार
मालकांना दाखवलं. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब केला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. म्हणाले, मस्त आहे रे, पण दिसत नाही. गडद कर. आणि अक्षरांत जरा हवा खेळू दे. मी हो म्हटलं.

विचार केला. मालक बोलले ते सूचना म्हणून, हुकूम म्हणून नव्हे. हुकूम देताना ते टेबलावर हात आपटतात, आज आपटला नाही. शिवाय पहिला शब्द 'मस्त' होता, आणि माणसाच्या मनातलं आधी बाहेर येतं. मालक पाट्या विकण्यात वाघ आहेत, पण रंगातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. बावीस वर्षं बघतोय.

काही बदल केला नाही. म्हणजे दोन टक्के गडद केलं होतं. मग ते भडक वाटलं म्हणून परत काढलं.

१९ मार्च, बुधवार
कामं कटिंगला दिली. आमच्याकडे रंगीत व्हिनाइलचा चिकट कागद मशीनवर कापतात आणि अक्षरं पाटीवर चिकटवतात. मशीनवर जी बाई आहे तिला सगळे कटरताई म्हणतात. तोंड तिच्या पात्याहून धारदार. स्क्रीन बघून म्हणाली, साहेब, हे शब्द सुटे कुठे आहेत? सगळा मजकूर एकाच पट्टीत निघतोय. एक टोक सुटलं तर आख्खं वाक्य उठेल. शब्दाशब्दांत जागा सोडा, म्हणजे गेला तर एकच शब्द जाईल.

मी म्हटलं, ताई, तुम्ही पात्याचं बघा, सौंदर्याचं मी बघतो. ती म्हणाली, बघा बाबा.

लोकांना जागा सोडायची भारी हौस. रिकामी जागा काय कोणीही सोडेल.

२४ मार्च, सोमवार. संध्याकाळी
पाट्या लागल्या! वरच्या पत्र्याची सावली होती, ऊन उतरलं होतं, डेपो रिकामा होता. असा शांत बस डेपो मी जन्मात बघितला नाही. एकही पाटी अंगावर येत नव्हती. पाट्या लावणारा मिस्त्री म्हणाला की यावर आता लिहिणार कधी? विनोदी माणूस आहे.

बायकोला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. घरी आल्यावर कळलं की तिला वाटलं मी नवीन फ्रिज बघतोय.

२८ मार्च, शुक्रवार
परवापासून डेपोत चाचणी म्हणून चार गाड्या सोडतायत. डेपो मॅनेजरचा फोन. लोक चौकशीच्या खिडकीत येऊन विचारतात की चौकशीची खिडकी कुठे आहे. दोन बायका पुरुषांच्या प्रसाधनगृहात शिरल्या. दहा ते चार ऊन थेट पाट्यांवर पडतं आणि तेव्हा नुसत्या पांढऱ्या फळ्या दिसतात.

मी शांतपणे समजावलं की डोळ्यांना सवय लागायला वेळ लागतो. किती, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, एक पिढी.

मालकांच्या कानावर घालायची गरज वाटली नाही. त्यांनी १४ तारखेला पसंत केलंच होतं.

४ एप्रिल, शुक्रवार
उद्या डेपोचं उद्घाटन. सकाळी अकराला फलाट ९ वर. मोठे साहेब फीत कापणार, मग पाट्यांच्या कल्पनेवर मी पाच मिनिटं बोलायचं. मालक स्वतः म्हणाले, तूच बोल, आणि नवीला पण बरोबर घे. नवीला कशाला? असू दे, टाळ्या वाजवायला बरी.

भाषण पाठ. सुरुवात अशी : चांगली पाटी दिसत नाही, ती जाणवते.

बायकोने शर्टाला इस्त्री केली. सोमवारी खुर्चीचं जाहीर होईल असा माझा अंदाज. खुर्चीला चाकं आहेत. बावीस वर्षं बिनचाकांच्या खुर्चीवर काढली. कोणाला सांगणार नाही, पण आज ती रिकामी होती तेव्हा जरा बसून बघितलं. छान वाटलं.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी ३
पावणेअकराला पोचलो. ऊन रणरणत होतं. फाटकातून आत शिरून पाट्या बघत बघत सरळ फलाट ९ वर जाऊन उभा राहिलो. कोणीच नव्हतं. म्हटलं, लोकांना वेळेची किंमत नाही. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांना भाषणाची सुरुवात म्हणून दाखवली. ते म्हणाले, हो का.

मग लांबून टाळ्या ऐकू आल्या.

मी उभा होतो तो फलाट १.

९ आणि १ यांच्यात फरक असा कितीसा? एक लहानसं वेटोळं. ते वेटोळं मी दोन वेळा हलकं केलं होतं, कारण जड दिसत होतं. धावत तिकडे पोचलो तोवर फीत कापून झाली होती आणि माझ्या जागी नवी बोलत होती. काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही, पण लोक हसत होते. मोठे साहेबही. मालकांनी माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

गर्दीच इतकी होती की कोणाचाही गोंधळ झाला असता. फलाट १ वर गर्दी नव्हती हे खरं, पण डेपोत एकूण होती.

सासूबाईंनी विचारलं, कसं झालं भाषण? मी म्हटलं, एका ज्येष्ठ नागरिकाला फार आवडलं.

७ एप्रिल, सोमवार. दुपारी १.३०
खुर्चीचं जाहीर झालं नाही. दुसरंच झालं. फलाट ६ वर गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका कंडक्टरने वेळापत्रकाचं सुटलेलं टोक नखाने सहज जरा ओढलं. पहिली ओळ आख्खी निघून हातात आली. त्याला मजा वाटली, त्याने दुसरी ओढली. दुपारपर्यंत वेळापत्रकाच्या अकरा ओळी सोलून निघाल्या. कटरताई म्हणते, कंडक्टरने त्यातली एक घडी करून पाकिटात ठेवलीय.

कटरताई मला काहीच बोलली नाही. नुसती मशीनपाशी उभी राहून बघत होती. त्यापेक्षा बोलली असती तर परवडलं असतं.

८ एप्रिल, मंगळवार
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी टेबलावर हात आपटला. म्हणाले, अरे, मी तुला गडद कर म्हणालो होतो की नाही? मी म्हटलं, तुम्ही मस्त म्हणालात, पसंत केलंत. ते म्हणाले, मी पसंत केलं? मी म्हटलं, माझ्याकडे लेखी आहे. रोज लिहितो मी. तारखेनिशी.

मालकांनी टेबलावरचा हात उचलला. मग म्हणाले की असं असेल तर चूक माझी, डोकं चालत नाही हल्ली. आण ते लिहिलेलं, सगळ्यांसमोर वाचू, आणि खुर्चीचंही त्याच दिवशी ठरवू.

बघा! माणसाने रोजनिशी ठेवावी ती यासाठी. खुर्ची पुन्हा हाताशी आली.

९ एप्रिल, बुधवार. सकाळी
वही उघडली. १४ मार्चचं पान सापडेना. म्हणजे पान आहे, मजकूर सापडेना. शाई निकृष्ट निघाली, उडून गेली असावी. खिडकीत धरून बघितलं. हात लांब करून बघितलं. डोळे किलकिले केले. तोल उत्तम आहे, पण एक शब्द लागत नाही.

त्याच दिवशी, रात्री
सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. म्हणाल्या, आणा इकडे, मी वाचते. सहज वाचू लागल्या! 'मालकांना दाखवलं. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब केला...' मी झटकन वही ओढून घेतली. म्हणजे ८ मार्चचंही वाचता येतं त्यांना. आणि ३ मार्चचंही.

पण वेळ कमी होता. शेवटी मीच म्हटलं की आई, ८ ते १९ मार्च एवढंच मोठ्या अक्षरांत उतरवून द्याल का, जसंच्या तसं, ऑफिसला हवंय. त्यांनी विचारलं, जसंच्या तसं? मी म्हटलं, शब्द इकडचा तिकडे नको. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना, जावईबापू? तुम्ही एकदा वाचून बघा मग. मी म्हटलं, स्वतःचंच लिहिलेलं काय वाचायचं, मला माहीत आहे ना.

संध्याकाळी पाकीट हातात दिलं. सुंदर, भरगच्च पाकीट. बंद केलं आणि बॅगेत ठेवलं.

१० एप्रिल, गुरुवार
मालकांनी सगळ्यांना बोलावलं. कटरताई, नवी, हिशेबनीस, पाट्या लावणारा मिस्त्री. पाकीट फोडलं. काळी शाई, एक ओळ सोडून एक ओळ, टपोरं अक्षर. मालकांनी चष्मासुद्धा लावला नाही. खणखणीत आवाजात वाचलं.

मस्त आहे रे, पण दिसत नाही. गडद कर. मी हो म्हटलं.

तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पुढचंही वाचलं. सूचना म्हणून, हुकूम म्हणून नव्हे. ओ की ठो. वाघ हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग बाकीची पानंही. नवीबद्दलचं वाचलं, अक्कल पाजळली, गप्प झाली बिचारी. कटरताईच्या तोंडाचं आणि पात्याचं वाचलं. वडील कपाटात शिरायचे तेही. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिला.

मी म्हटलं की हे खाजगी आहे. मालक म्हणाले, तूच आणलंस.

खुर्ची नवीची. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, तुम्हाला कळत होतं ना त्यात काय आहे? त्या म्हणाल्या, मी तीनदा विचारलं. मी म्हटलं, दोनदा. त्या म्हणाल्या, तिसऱ्यांदा पाकीट देताना विचारलं, तेव्हा तुम्ही त्याचं वजन करून बघत होता.

वाईट वाटलं. उगाच नाही कशाला म्हणू, फारच वाईट वाटलं. जेवलो नाही. मग बायकोने ताट झाकून ठेवलं होतं ते जेवलो.

१२ एप्रिल, शनिवार
नवीने मला बोलावलं. त्या खुर्चीवर बसली नव्हती, उभीच होती. म्हणाली की सर, डेपोच्या सगळ्या पाट्या नव्याने करायच्यात, पिवळ्यावर काळ्या, अक्षरं सुटी. आणि यापुढे प्रत्येक पाटी बाहेर जाण्याआधी अंगणात वीस पावलांवरून वाचायची. ते काम तुम्ही करा. तुम्हाला वाचता आली तर कोणालाही येईल.

दिवसभर यावर विचार केला. मुळात हे पद मोठं आहे. माझ्या होकाराशिवाय एकही पाटी बाहेर जाणार नाही. म्हणजे प्रमुखाच्याही वरची जागा झाली ही. तिने शेवटचं वाक्य आदराने म्हटलं असावं.

बायकोला सांगितलं : अंतिम मंजुरी विभाग. सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी
पहिली पाटी.

वीस पावलं मोजून उभा राहिलो. अंगणात सगळे जमले होते, मालकसुद्धा. नवी भिंतीपाशी पाटी धरून उभी राहिली. मी अंगठा पट्ट्यात खोचला, डोळे किलकिले केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं : फलाट नऊ. अक्षरं स्वच्छ, अंतर योग्य, मंजूर.

मग कटरताई पोट धरून हसायला लागली. नवी हसली नाही. ती हळूच म्हणाली, सर, मी अजून पाटी वळवली नाहीये. ही मागची बाजू आहे.

मग तिने वळवली. पिवळ्यावर काळं. चौकशी. तेवढ्या लांबून, उन्हात, माझ्या या डोळ्यांना, लख्ख दिसली.

हे आज काळ्या बॉलपेनने लिहितोय. एक ओळ सोडून. पेन सासूबाईंचं आहे.

उद्या चष्म्याच्या दुकानात जायचंय. दुकान चौकातच आहे, पण सासूबाई बरोबर येतायत. म्हणाल्या, पाटी कोण वाचणार?